आधी मालक बघा, मग गाडी

तुमच्या ग्रुपवर गेल्या महिन्याभरात कुणीतरी एक फोटो नक्की टाकला असेल. काळी स्कोडा लॉरा, २०१० चं मॉडेल, लेदर सीट, सूर्यास्ताच्या उजेडात चमकणारं बॉनेट. खाली ओळ: ‘सेकंड ओनर, सिंगल हँड युज्ड, नो वर्क, फक्त सिरियस बायर.’ (सेकंड ओनर आणि सिंगल हँड एकाच गाडीला कसं लागू पडतं, हे विचारायचं नसतं.) आणि त्याखाली किंमत. दोन नवीन आयफोन घ्याल तेवढ्यात आख्खी लॉरा! मग ग्रुपवर आगीचे इमोजी, ‘भावा घेऊन टाक’, आणि एखाद्या शहाण्याचा मेसेज, ‘घे, मग महिन्याला एक किडनी विक.’

या दोन मेसेजच्या मध्ये बरंच काही आहे आणि त्याबद्दल कुणी नीट बोलत नाही. घरी विचारलं तर बाबा म्हणतात, ‘गपचूप मारुती घे, गल्लीच्या टोकाला रिपेअर होते.’ यूट्यूबवर विचारलं तर कुणीतरी एक्झॉस्टचा आवाज ऐकवून तुमचं डोकं फिरवतो. आपण जरा थंड डोक्याने बोलू. कारण हा विषय हौसेचा असला, तरी पैसे बहुतेक वेळा आई-वडिलांचे असतात, आणि गाडीत बसणारे चार मित्र कुणाची तरी मुलं असतात.

आधी एक कबूल करून टाकतो. जुन्या युरोपियन गाडीची ओढ खोटी नाही. ज्याला गाडी चालवायला आवडते, नुसतं पोचायला नाही, त्याला ती ओढ लागते आणि ती समजण्यासारखी आहे. जर्मनीत ऑटोबानच्या मोठ्या भागावर वेगाची मर्यादाच नाही. तिथे दिवसभर जोरात धावायचं म्हणून बनवलेली गाडी आपल्या एक्स्प्रेस वेवर ८०-१०० ने चालताना निवांत असते. दार लावलं की ‘धप्प’ असा भरीव आवाज येतो. ताम्हिणीत एका पाठोपाठ एक वळणं येतात, तेव्हा गाडी एका बाजूला झुकून मग सावरत नाही, तुमच्याबरोबर वळते. फियाटच्या पुंटो आणि लिनियाला हायड्रॉलिक स्टिअरिंग होतं. पार्किंगमध्ये ते जड लागतं, हात दुखतात. पण घाटात पुढच्या चाकाखाली खडी आली की ती तुमच्या तळव्यांना कळते. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये ही बातमी हातापर्यंत पोचता पोचता बरीच पुसट होते. हे एकदा अनुभवलं की माणूस बिघडतो. मी बिघडलो.

आणि ही काही आजच्या पोरांची थेरंही नाहीत. तुमच्या आजोबांना विचारा. त्यांच्या पिढीत चारचाकी म्हणजे फियाट नाहीतर अ‍ॅम्बेसेडर. प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. आख्खा महाराष्ट्र जुन्या युरोपियन गाड्यांवरच गाडी शिकला. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. पुढेही आपला संबंध तुटला नाही. फियाटचा कारखाना रांजणगावला, फोक्सवॅगनचा चाकणला, स्कोडाचा औरंगाबादजवळ शेंद्र्याला. मर्सिडीजने भारतातली पहिली ई-क्लास १९९५ मध्ये पुण्यात, टेल्कोच्या आवारातच जुळवली. त्यामुळे या गाड्या इथे रस्त्यावर दिसतात, त्यांचे फिटर इथे तयार झाले आणि जुने पार्ट कुर्ल्यात किंवा नाना पेठेत हिंडलं तर मिळतात. आपल्याकडे ही हौस परवडते, त्यामागे हा इतिहास आहे. हेच झारखंडातल्या एखाद्या लहान गावात करायला गेलात तर गोष्ट वेगळी.

पण आजोबांची फियाट आणि तुमच्या फोटोतली लॉरा यांत एक फरक आहे. पद्मिनी बंद पडली की आजोबा स्वतः बॉनेट उघडून प्लग साफ करायचे, कार्ब्युरेटरला फुंकर मारायचे. लॉरा बंद पडली तर बॉनेट उघडून तुम्हाला दिसतं ते एक प्लॅस्टिकचं काळं झाकण. पुढचं सगळं लॅपटॉप जोडल्यावर कळतं.

इथेच बाजारातली सर्वांत मोठी गफलत होते. गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही. १५ लाखांची गाडी १२-१३ वर्षांनी अडीच लाखांना मिळाली, म्हणून तिचा टर्बो अडीच लाखांच्या गाडीचा होत नाही. तो १५ लाखांच्या गाडीचाच राहतो. जुनी बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज स्विफ्टच्या किमतीत दिसते, तेव्हा हे वाक्य फोनच्या वॉलपेपरवर लावा. गाडी तुम्हाला स्विफ्टच्या किमतीत मिळेल, बिल मात्र मर्सिडीजचं येईल.

मग ‘युरोपियन गाड्या सारख्या बंद पडतात’ हे खरं का? अर्धं खरं. या गाड्या अशा गृहीतकावर बनतात, की मालक पुस्तक वाचेल. अमुक किलोमीटरला किंवा अमुक वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, टायमिंग बेल्ट बदला. याच ग्रेडचं तेल टाका. याच रंगाचं कूलंट. आपला स्वभाव कसा? ‘चालतंय ना? मग चालू दे.’ साध्या गाड्या हा स्वभाव बराच काळ सहन करतात. या करत नाहीत. पहिला मालक बहुधा सुखवस्तू असतो, कंपनीत सर्व्हिस करतो. पाच-सहा वर्षांनी तो नवी घेतो. दुसरा मालक पहिलं मोठं बिल बघून दचकतो आणि बाहेरच्या गॅरेजला जायला लागतो. तिसरा मालक लोगोसाठी घेतो, पेट्रोलच्या पलीकडे एक रुपया घालत नाही. आणि मग फोटो तुमच्या ग्रुपवर येतो. गाडीच्या नावाने जी बदनामी होते, ती पुष्कळदा या तिसऱ्या माणसाची असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: ‘कुठलं मॉडेल घेऊ?’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ‘कुणाची घेऊ?’

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. माझ्या पहिल्या युरोपियन गाडीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. इंजिनिअरिंग संपून वर्ष झालं होतं. गाडी चकाचक, नवीन सीट कव्हर, आत परफ्यूम. पंधरा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह झाली, टर्बोने एकदा पाठीला ढकललं आणि मी टोकन देऊन मोकळा झालो. बॉनेट उघडलं होतं, पण नुसतं बघायला. कूलंटच्या बाटलीचं झाकण काढायला दहा सेकंद लागले असते. ते मी काढलं नाही. मे महिन्यात चार मित्रांना घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा वर गेला. मला वाटलं, चढ आहे, एसी आहे, उतरेल. वळणापुढे जागा मिळेपर्यंत थांबलो नाही. थांबलो तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. टो करून आणलेली गाडी बघून फिटरने बाटलीत बोट घातलं, बाहेर काढलं, मला दाखवलं. गंजाचं तांबडं पाणी. कुणीतरी कितीतरी महिने कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत आलं होतं. हेड उतरवावं लागलं. आईने माझ्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेली एक एफडी मोडली. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर, मालक कसा ओळखायचा? गप्पांतून थोडा कळतो. ‘शेवटची सर्व्हिस कुठे केली, कधी, कुठलं तेल टाकलं?’ असं विचारा. ज्याला गाडीची माया आहे, तो माणूस हा प्रश्न ऐकून खुलतो. फाइल काढतो, बिलं दाखवतो, ‘डाव्या बाजूचा बुश मीच बदलून घेतला, उजवा तुम्ही बघून घ्या’ असं स्वतःहून सांगतो. दोष सांगणारा मालक हा या बाजारातला हिरा. त्याने दहा-वीस हजार जास्त मागितले तरी द्या. उलट ‘काही कामच निघालं नाही हो’ असं जो म्हणतो, त्याने काही काम केलेलं नसतं. १२ वर्षांच्या गाडीत काम निघालं नाही, हे होत नाही. ते काम तुमच्यासाठी राखून ठेवलंय.

बाकीचं गाडी सांगते. कूलंटची बाटली बघायची, ते तुम्हाला आता कायमचं लक्षात राहील. इंजिन गार असतानाच झाकण काढा, गरम असताना काढलंत तर तोंड भाजेल. आत गुलाबी-जांभळं किंवा कंपनीने सांगितलेल्या रंगाचं स्वच्छ द्रव हवं. तेलाचं झाकण उलटं करून बघा. दुधाळ, साईसारखं काही चिकटलेलं असेल तर तेलात पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. टायर चारही एकाच कंपनीचे आहेत का? टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलायचाच, म्हणजे तो खर्च किमतीतून वजा. आणि ज्याने १५० अश्वशक्तीच्या गाडीला चार वेगवेगळे, स्वस्तातले टायर लावलेत, त्याने आत काय केलं असेल याचा अंदाज करा.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाचे डाग किंवा कुबट वास असेल, सीटच्या खालच्या रुळांवर गंज असेल, तर गाडीने पुराचं पाणी पाहिलंय. किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून निघा. या गाड्यांत जागोजागी वायरिंग आणि कंट्रोल युनिट असतात. पाण्यात बुडालेलं वायरिंग आज चालतं, पुढच्या पावसाळ्यात बंद पडतं, आणि कुठे बंद पडलं ते शोधायला फिटरचे आठवडे आणि तुमचे महिने जातात.

टायमिंग बेल्टबद्दल जरा थांबू, कारण इथे पोरं सर्वांत जास्त फसतात. इंजिनमध्ये खालचे पिस्टन आणि वरचे व्हॉल्व्ह एका तालात हलावे लागतात. काही इंजिनांत तो ताल साखळी सांभाळते, काहींत रबरी पट्टा. पट्टा तुटला, की बहुतेक अशा इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला आदळतात आणि क्षणात इंजिन उघडायची वेळ येते. पट्टा तुटण्याआधी आवाज देत नाही. तो वयानेही पिकतो, म्हणजे ‘गाडी कमी चाललीय’ हे उत्तर होत नाही. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा आणि घेतल्या घेतल्या, वॉटर पंपासकट बदला. साखळीवाल्या इंजिनात ही काळजी कमी, पण शून्य नाही. लॉराच्या १.८ टीएसआय इंजिनात साखळीचा टेन्शनर ही माहीत असलेली दुखरी जागा आहे आणि ते इंजिन तेलही पितं, हे जगभरच्या त्याच्या मालकांना ठाऊक आहे. रात्रभर उभ्या गाडीला चावी मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद खडखड आली, तर तुमचं उत्तर मिळालं.

आणि गिअरबॉक्स. फोक्सवॅगन ग्रुपचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी चालवायला लोण्यासारखा आहे. पोलो जीटी टीएसआयमध्ये तो होता, ऑक्टाव्हियाच्या १.८ मध्ये होता. पण २०१३ मध्ये कंपनीला जगभरातल्या १६ लाख गाड्या याच गिअरबॉक्सच्या तेलासाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. आपल्या चांदणी चौकातल्या किंवा सायनच्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकणं हा या क्लचचा छळच आहे. त्याचं मेकाट्रॉनिक युनिट गेलं तर बिल सहज सहा आकडी होऊ शकतं. नोकरदार माणूस, वॉरंटी वाढवलेली, तर ठीक. विद्यार्थ्याने जुनी घ्यायची तर मॅन्युअल. इथे मी वाद घालत नाही. शिवाय तुम्हाला ड्रायव्हिंगची हौस आहे ना? मग डावा पाय मोकळा ठेवून काय करणार?

मॉडेल कुठलं, हे आता सांगतो, कारण न सांगता तुम्ही पान उलटणार नाही. पहिलीच गाडी असेल तर मी फियाट लिनिया टी-जेट किंवा पुंटो बघेन. टी-जेटमध्ये १.४ लिटर टर्बो पेट्रोल, ११४ पीएस. कागदावर आकडा आज साधा वाटतो, पण सस्पेन्शन असं की खराब रस्त्यावर गाडीची दया येत नाही. फियाटने बीएस-६ च्या वेळी, २०२० च्या आसपास, इथली विक्री बंद केली, त्यामुळे बॉडीचे, काचांचे पार्ट शोधावे लागतात. पण पुंटो-लिनियाचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन तेच, जे स्विफ्टमध्ये डीडीआयएस नावाने आणि टाटांच्या गाड्यांत क्वाड्राजेट नावाने बसलं. म्हणजे इटालियन गाडी, पण इंजिन गल्लीच्या टोकाच्या फिटरच्याही ओळखीचं. बाबांचं ‘गपचूप मारुती घे’ इथे अर्धं पाळलं जातं.

दुसरी पोलो, मॅन्युअल. २०१० पासून २०२२ पर्यंत चाकणला बनत राहिली, त्यामुळे पार्ट आणि माहितगार फिटर दोन्ही भरपूर. १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन चढावर धापा टाकतं हे खरं. पण शरीर तेच, बसणं तेच, वळणं तेच. चालवायला शिकायचं असेल तर मी म्हणेन कमी ताकदीची चांगली गाडी घ्या. कमी ताकदीत वळणात वेग राखायला शिकता येतं. जास्त ताकदीत माणूस फक्त सरळ रस्त्यावर शूर होतो. फोटोतली लॉरा ही तिसरी पायरी. घरात आधी एक भरवशाची गाडी असेल, ओळखीचा स्कोडावाला फिटर असेल आणि मॅन्युअल मिळत असेल, तरच.

फिटर हा शब्द पुन्हा पुन्हा आला, तो मुद्दाम. गाडी शोधण्याआधी माणूस शोधा. ज्याच्याकडे फोक्सवॅगन ग्रुपसाठी व्हीसीडीएस किंवा फियाटसाठी मल्टिइक्यूस्कॅन असं सॉफ्टवेअर आहे आणि जो एररचा कोड नुसता पुसत नाही, वाचून दाखवतो. हजार-दोन हजार देऊन त्याला गाडी बघायला बरोबर न्या. मालक ‘स्कॅन कशाला?’ म्हणाला, की तिथेच चहा प्या आणि निघा.

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण लाखभर रुपये तिथेही बुडतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ ची गाडी घेताय म्हणजे फेरपासिंग दारात उभं आहे: फिटनेस तपासणी, पर्यावरण कर, आणि एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची पाच हजार रुपये फी. पाच वर्षांनी पुन्हा फेरपासिंग. दिल्लीत डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचे निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात, म्हणून त्या स्वस्त दिसतात. इकडे आणल्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर हा खर्च त्या स्वस्ताईत मिळवा, मग बघा किती स्वस्त राहते. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून आधी एवढं बघा: किती नंबरचा मालक, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, चलनं किती. बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ हवाच. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ‘ट्रान्सफर नंतर करू’ म्हणणाऱ्या एजंटचं ऐकू नका. गाडी तुमच्या नावावर होईपर्यंत ती कायद्याने तुमची नाही, आणि अपघात झाला तर विक्रेता आणि तुम्ही दोघेही अडकता. विमाही १४ दिवसांत नावावर करायचा असतो. त्याच्या ‘नो क्लेम बोनस’वर मोहरू नका, तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. आणि एक बारीक गोष्ट: थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा दर इंजिनावर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, त्यावर गेलात की ७,८९७. टी-जेट आणि लॉरा यांत हा फरक दरवर्षी पडतो.

पेट्रोलचंही सांगायला हवं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं ई-२० मिळतं. १०-१२ वर्षांपूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. मायलेज थोडं पडतं, आणि इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या, सील यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. घेतल्यावर त्या एकदा तपासून, गरज असेल तर बदलून घ्या.

मग पैसे. तुमच्याकडे तीन लाख असतील तर गाडी दोनची बघा. उरलेला एक लाख बँकेत. त्यातून पहिल्या महिन्यात बेल्ट, तेल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, गरज असेल तर टायर. मग जे उरेल ते पहिल्या वर्षासाठी. तो लाख तुमच्याकडे नसेल, तर गाडी तुमच्या बजेटमध्ये नाही, ती फक्त तुमच्या बजेटमध्ये दिसतेय. जुन्या गाडीसाठी कर्ज काढणं तर मला मुळीच पटत नाही. व्याजाचा दर नव्या गाडीपेक्षा जास्त, आणि हप्ता चालू असताना गाडी गॅरेजमध्ये उभी, हे दुखणं वाईट. आणि कॉलेजला, परीक्षेला रोज जायचं एकमेव वाहन म्हणून ही घेऊ नका. बस किंवा दुचाकी चालू ठेवा. ज्या दिवशी व्हायवा आहे त्या दिवशी गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागणार, हा निसर्गनियम आहे.

रीमॅपबद्दल विचारणार, माहीत आहे. ‘पंधरा हजारांत तीस बीएचपी वाढतात.’ वाढतात. क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स मात्र तेच जुने राहतात. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, आणि विमा कंपनी क्लेमच्या वेळी अशा गोष्टी शोधतेच. पंधरा हजार आहेतच तर चांगले ब्रेक पॅड आणि दोन टायर घ्या. रीलमध्ये दिसणार नाहीत, पण वरंध्यात समोरून एसटी आली की कळतील.

एवढं वाचूनही ती ओढ तशीच असेल, तर तुम्ही या गाडीचे आहात, आणि मी तुम्हाला अडवणार नाही. मी स्वतः त्या खंबाटकीनंतर ती गाडी विकली नाही. हेडचं काम झालं, कूलंट, नळ्या, थर्मोस्टॅट सगळं नवीन. शनिवारी फिटरच्या शेजारी स्टुलावर बसून मी पाने उचलून द्यायला शिकलो, मग नट सोडायला शिकलो. एफडीचे पैसे परत करायला दोन वर्षं लागली. आणखी सहा वर्षं ती गाडी चालली. विकायला काढली तेव्हा एक मुलगा आला, तुमच्याच वयाचा. बरोबर त्याचे वडील होते. त्याने बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना बघितलं, मग सरळ कूलंटच्या बाटलीचं झाकण काढलं. मी फाइल त्याच्या हातात दिली आणि त्याने न मागता पाच हजार कमी केले.

तर त्या काळ्या लॉराच्या मालकाला फोन करा. रविवारी सकाळी सातला येतो म्हणा. आणि एवढं आवर्जून सांगा, ‘काका, आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवू नका.’